मॅडम येणार म्हणून

कोरोनातून सासूबाई वाचल्या, पण त्यांचा दम काही परत आला नाही. दोन शब्द बोलल्या की तिसऱ्यासाठी थांबायच्या. आमच्या केदारखेड्याच्या बुद्धविहारात वंदना सांगायचा मान त्यांचा. त्या पुढे म्हणायच्या आणि सगळी वस्ती त्यांच्या मागून. आता त्या शेवटच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायच्या. "वंदना सुटली, मंग माझं काय राह्यलं?" असं त्या म्हणाल्या तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी मोबाइलवरून शिकायचे व्यायाम सुचवले. पुण्याच्या एक तरुण फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा पडद्यावर यायच्या. श्वास कसा सोडायचा, खुर्चीतून कसं उठायचं, आणि मुख्य म्हणजे दमायच्या आत कसं थांबायचं, ते शिकवायच्या. सासूबाई सगळं इमानेइतबारे करायच्या, तरी दर वेळी सुरुवातीलाच धापा टाकायच्या. मॅडम चक्रावल्या. पुन्हा तपासण्या करू म्हणाल्या, आणि सासूबाईंनी हाय खाल्ली.

मी त्या वेळी शाळेत शिकवत असायचे, त्यामुळे खरा प्रकार मला ठाऊकच नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी तो दिसला. मॅडम यायच्या आधी सासूबाईंनी पदर खोचला. अंगण झाडलं, ओसरी पुसली, भांडी घासून फळीवर लावली, धुतलेलं पातळ नेसल्या आणि वर चहाचं आधण ठेवलं! कॅमेऱ्यात दिसणार होत्या फक्त त्या आणि मागची भिंत. मी कपाळाला हात लावला.

"अहो आत्याबाई, मॅडम मोबाइलमधी येऊन राह्यल्या, घरात न्हाई!"

"पन येऊन राह्यल्या ना? पाव्हण्यांला काय खरकटी भांडी दाखवू?"

मला राग आला आणि हसूही आवरेना. मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, पुढच्या वेळी घर आहे तसंच ठेवायचं. घरच्या माणसासाठी कुणी आवरतं का? मी येईपर्यंत पडून राहायचं." उपदेशाचा एक शब्द नाही. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं.

त्याहून जास्त सासूबाईंचं. खरकट्या भांड्यांकडे पाठ करून खाटेवर पडून राहणं त्यांना व्यायामापेक्षा जड गेलं. शेजारीण डोकावली तरी त्या उठल्या नाहीत. मी असते तर उठले असते. मॅडम आल्या तेव्हा पहिल्यांदाच सासूबाईंना धाप नव्हती.

बुद्धपौर्णिमेला त्या विहारात पुढे जाऊन बसल्या. सुरुवात छान झाली, पण मध्येच श्वास संपला. पूर्वीच्या सासूबाईंनी तसंच रेटलं असतं. या सासूबाईंनी हात वर केला, डोळे मिटले आणि सगळ्यांदेखत निवांत श्वास सोडत बसल्या. मला वाटलं, आता कुणीतरी पुढची ओळ म्हणून टाकेल. कुणी म्हटली नाही. अख्खी वस्ती त्यांच्यासाठी थांबली.

मग त्यांनी पुढची ओळ उचलली. मागून सगळ्यांनी म्हटली.