मिरंडूलचा धक्का

नाव: पद्माकर नेने. वय: त्रेपन्न. पास: एम्प्लॉयमेंट, म्हणजे परदेशी माणसाचा नोकरीचा परवाना. हुद्दा: सहायक, सागरी नकाशे दुरुस्ती. निवास: सिंगापूर, तोआ पायोह, नववा मजला. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीला जांभळी शाई, साबणाने न जाणारी. ऑस्ट्रेलियाशी संबंध: सतरा दिवस.

हे दिवस १९६८ सालचे. पद्माकर तेव्हा मालवाहू जहाजावर थर्ड मेट, म्हणजे तिसरे अधिकारी होते. जहाज गहू भरायला ऑस्ट्रेलियातल्या मिरंडूल गावाच्या धक्क्याला लागलं आणि पावसाने ठाण मांडलं. पावसात गहू भरत नाहीत. मग रोज पोस्टातल्या म्हाताऱ्या बाईंकडे चहा आणि गावाचा इतिहास: पहिलं रान कुणी तोडलं, गव्हाच्या गाड्यांची रांग कुठवर जायची, रेल्वे शेजारच्या गावाने कशी पळवली, शाळा कशी बंद पडली. पद्माकरांना स्वतःच्या गावचा सरपंच ठाऊक नव्हता. मिरंडूलचे आजवरचे तिन्ही पाद्री मात्र क्रमाने पाठ होते. "पुढच्या वर्षी जाऊन येऊ," असं ते पंचवीस वर्षं म्हणत होते. तोवर ऑफिसात जेवण झालं की मिरंडूलच्या किनाऱ्याचा नकाशा काम नसताना बाहेर काढायचे आणि धक्क्यावर बोट ठेवून बसायचे. घरी तेच किस्से निघाले की लेक तन्वी म्हणायची, "बाबा, सेम स्टोरी अगेन, लाह!"

१९९४च्या जूनमध्ये नकाशांतल्या बदलांच्या, दर आठवड्याला येणाऱ्या सूचना आल्या. मिरंडूल: धक्का पाडला, दिवा काढला, दोन्ही खोडावेत. बाकीच्या दुरुस्त्या पद्माकरांनी त्याच दिवशी उरकल्या. ही एक तीन दिवस पेपरवेटखाली राहिली.

चौथ्या दिवशी धवल, त्यांचा तिशीतला साहेब, टेबलाशी आला.

"नेनेकाका, हा नकाशा उद्या जहाजावर जायचाय. काही शंका?"

"शंका कसली."

"मग?"

"निब बदलतोय."

निब बदलून त्यांनी धक्क्यावर रेघ मारली, दिव्यावर दुसरी, आणि खाली समासात सूचनेचा क्रमांक घातला. रेघ अगदी सरळ आली. त्याचाच त्यांना राग आला.

घरी पत्नी स्मिताताईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग आता डिसेंबरात जाऊनच येऊ. काढा तिकिटं."

"कशाला? खोडलंय मी ते."

"अहो, धक्का खोडलात! माणसं काय धक्क्यावर झोपत होती?"

"मी समुद्रावरून गेलो होतो, स्मिता. त्या वाटेनं आता तिथं काही नाही."

डिसेंबरात दोघं पुण्याला भाचीच्या लग्नाला गेली.

मिरंडूलला त्या वर्षी सत्तेचाळीस माणसं राहत होती. गावापर्यंत डांबरी रस्ता होता.