पावडर लावलेले हात

टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा लागला रे लागला, की आमच्या सौंसरच्या घराशेजारची म्हातारी दोन्ही हात कोपरापर्यंत पदराला घासायची आणि म्हणायची, "शी! आजूक जाऊन नाही राहिली पावडर."

सगळी गल्ली तिला आजी म्हणे. रंग कपाशीच्या काळ्या मातीचा, अस्सल. आवाज असा, की तिनं इथं 'शी' म्हटलं तर बोरगावचे कावळे उडावेत.

लग्नाआधी, माहेरी रामाकोन्याला असताना, तिच्या बापाच्या कपाशीत एका सिनेमाचं शूटिंग झालं. गरीब शेतकऱ्यांच्या दुःखाचा सिनेमा! डायरेक्टरनं गावातल्या बायांकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "इतने काले चेहरे परदे पर कौन देखेगा?" मग मुंबईहून आणलेल्या गोऱ्यापान पोरींना काजळी फासून मजूर बनवलं.

"काळ्या बाया बाभळीखाली बसवल्या," आजी सांगे, "अन् गोऱ्याइले काळं करून उन्हात उभं केलं! आमच्या म्हशीनं बी तोंड फिरवलं, बाप्पा."

हिरोईनला मात्र काजळी लावली नव्हती; ती तर मोगरा तोडावा तसा कापूस वेचत होती. पहिल्याच बोंडाचं टोक बोटाला बोचलं आणि ती अशी किंचाळली, की लोधीखेड्याचे बैल दावी तोडून पळाले. (किंकाळी आजीनं सांगितलेली, बैल मी सोडले.)

मग हिरोईनच्या जवळून दाखवायच्या हातांसाठी आजीला बाभळीखालून उठवलं. कोपरापर्यंत पावडर थापली. "वेचणारे हात माहे, रडणारं तोंड तिचं. माह्या लग्नात बी मले येवढी पावडर नोहती."

कुणाचा विश्वास बसेना. नवरा तर हसत हसतच म्हातारा झाला.

मागच्या उन्हाळ्यात तोच सिनेमा आमच्या टीव्हीवर लागला. घरातले सगळे दात काढून बसलेले. पडद्यावर हात आले. दुधासारखे पांढरे, पण झपझप वेचणारे. उजवी करंगळी बाहेर वाकलेली. आजी उठली आणि तिनं आपला हात पडद्याशेजारी धरला. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली सापडलेली तीच करंगळी. आमचे दात आत गेले.

"दिसली?" तिनं विचारलं.

मला वाटलं, आता रडेल. तिनं फक्त हात पदराला पुसले. "बाबू, मी मेल्यावर माहा फोटो लावसान, त माह्याच रंगाचा लावजो. येवढं करजो."

मी तिच्या नातवाला बजावून ठेवलं. तो "हो काका" म्हणाला.

दिवाळीनंतर आजी गेली. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. असले फ्लेक्स तुमच्याही चौकात असतील. चेहरा एवढा गोरा, की नगरपालिकेनं तिथला दिवा काढून नेला तरी चालेल.

"ही कोण रे?" मी नातवाला विचारलं.

"आजीच हाय ना, काका! फ्लेक्सवाल्यानं जराशी साफ करून देल्ली. लोकाइले चांगली दिसली पाह्यजे ना."

साफ! चेहऱ्याखाली नमस्काराचे दोन हात जोडले होते, दुकानातल्या तयार चित्रातले. गुलाबी, गुळगुळीत. करंगळ्या दोन्ही सरळ.

मी माझे हात सदऱ्याला पुसत राहिलो. त्या सिनेमात निदान हात तरी तिचे होते.