लेटली सर

इंग्रजी चुकलं तर सर हसून सोडून द्यायचे, पण उदाहरणात थाप मारलेली त्यांना अजिबात खपायची नाही. पंचवटीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. आल्या आल्या प्रत्येकाला विचारायचे, "लेटली काय?" म्हणजे हल्ली कुठली नवी सवय लावून घेतलीत, ते इंग्रजीत सांगा. म्हणून आम्ही त्यांना लेटली सरच म्हणायचो.

"एकदाच केलं असेल तर हॅव डन. अजून चालू असेल तर हॅव बीन डूइंग. सुरूच केलं नसेल तर मराठीत गप्प बसा!" एवढंच त्यांचं व्याकरण. मी ऐटीत "आय हॅव बीन गेटिंग अप अर्ली" म्हटलं, तर त्यांनी भर क्लासात माझ्या आईला फोन लावला. आईने मला पार तोंडघशी पाडलं. गणेशवाडीत फुलं विकणाऱ्या सुनीताताईंनी हल्ली चहा कमी केल्याचं सांगितलं, तर सर दुसऱ्या दिवशी फुलबाजारात हजर. ताईंच्या हातात काठोकाठ भरलेला ग्लास! "सर, हा गिऱ्हाइकाचा हाय," ताई म्हणाल्या.

एकदा ताईंनीच विचारलं, "अन् सर, तुमचं लेटली काय?" सर फळा पुसायला वळले. त्यांची साखर वाढली होती, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि त्यांच्या काळजीने घरी काकू अर्ध्या झाल्या होत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी सर खाली मान घालून म्हणाले, "आय हॅव बीन ईटिंग जिलेबी."

"उद्यापासून क्लासला चालत या. नायतर आम्ही नाय येणार," ताईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी सर घाम पुसत आले. मागोमाग रिक्षावाला जिना चढून आला, "सर, तुमची पिशवी राहिली." पिशवीला जिलेबीचा वास येत होता. त्या दिवशी सरांचा क्लास आम्ही घेतला.

त्यानंतर मात्र सर खरंच चालू लागले. रोज आमच्यापैकी कुणीतरी सोबतीला असायचं. सोबत कसली, पहाराच तो! पुढे डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, तेव्हा काकूंनी क्लासला खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या, सरांना वगळून.

गेल्या वर्षी मुलाने दोघांना पुण्याला नेलं आणि क्लास बंद झाला. अजून अधूनमधून फोनवर सरांचा आवाजी निरोप येतो, "आय हॅव बीन वॉकिंग एव्हरी डे." मी लगेच काकूंना फोन लावते. "चालतात गं," काकू म्हणतात, "पण मिठाईवाल्याच्याच दिशेने."

परवा निरोप आला, "आय हॅव बीन मिसिंग यू ऑल." आवाज जरा बसलेला होता. या वेळी खात्री करायला मी काकूंना फोन लावला नाही.