शेवटच्या शब्दाचा पश्चात्ताप

पेंटरच्या हातून उभ्या आयुष्यात दोन गुन्हे घडले. दोन्ही एकाच दुपारी, एकाच शिडीवर.

तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. या देशात येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. सगळे त्याला पेंटरच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की 'अहो' सोडून 'पेंटर' म्हणे. अकरा वर्षांपूर्वी एका किराणा दुकानदाराने त्याला बोलावलं. "येणारा जाणारा माझ्या भिंतीवर जाहिराती खरडतो हो! मोठ्या अक्षरांत लिहून टाका, इथे लिहू नका म्हणून."

पेंटरने शिडी लावली, दोरीला खडू लावून रेघा मारल्या आणि लिहायला घेतलं : 'या भिंतीवर काहीही लिहिण्यास सक्त मनाई आहे.' काय ती अक्षरं! एकेक अक्षर नवरदेवासारखं ऐटीत उभं. 'मनाई' संपलं आणि खालून पोलिसाची शिट्टी वाजली. भिंत दुकानदाराची नव्हतीच, नगरपालिकेची होती. दुकानदार आत गेला तो शटर ओढूनच. पेंटरने घाबरून शेवटचा शब्द घाईघाईत कोंबला. बाकीचं वाक्य ऐसपैस, आणि 'आहे' मात्र कोपऱ्यात अंग चोरून, गच्च भरलेल्या बसमध्ये शेवटी चढलेल्या माणसासारखं.

कोर्टात न्यायाधीशांनी फोटो दाखवला. "हे तुमचं काम?"

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पेंटर फोटो न्याहाळत म्हणाला, "काम माझंच साहेब. पण तेवढं शेवटचं 'आहे' बघू नका." शिवाय लिहायला घेण्याआधीच त्याने खालच्या कोपऱ्यात झोकात सही करून ठेवली होती, फोन नंबरासकट! भिंत विद्रूप केली हा एक गुन्हा, शिडीने पादचाऱ्यांची वाट अडवली हा दुसरा. दंड भरला, पेंटर घरी आला, पडदा पडला.

कसला पडतोय! ते नुसतं मध्यंतर होतं.

यंदा बायकोला आणि मुलीला इथे कायम राहण्याचा परवाना मिळाला. बायको इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला, मुलगी त्याच इस्पितळात परिचारिका. राहिला एकटा पेंटर. त्याचा अर्ज नामंजूर झाला तर साठ दिवसांत देश सोडायचा, मागे दोघींना ठेवून. आणि अर्जात सतरावा प्रश्न होता : 'आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय? असल्यास तपशील द्या.' तपशिलाला जागा बोटभर.

परवान्याच्या कचेरीच्या फाटकासमोर टेबल टाकून एक फॉर्मवाला बसायचा. तिघं त्याच्यापुढे जाऊन बसली.

"'नाही' लिहा," फॉर्मवाला म्हणाला.

"पण झालीय ना."

"अकरा वर्षं झाली. कुणाच्या लक्षात असणार?"

"कोर्टाच्या," मुलगी म्हणाली. "बाबा, शिक्षेसाठी कुणी हाकलत नाही, लपवल्याबद्दल हाकलतात. सरळ 'हो' लिहा."

"मग पश्चात्तापाचं पत्र जोडावं लागेल," म्हणत फॉर्मवाल्याने खण उघडला. "तीन प्रकार आहेत. साधा, तीव्र, आणि अश्रूंसह. गुन्हा तुमचा साध्यातला आहे, पण बाहेरून आलेल्या माणसाने तीव्र घेतलेला बरा."

तीव्र घेतला. घरी बायको खुर्ची ओढून अधिकारी झाली आणि पेंटर उभा राहून वाचू लागला : "'त्या काळोख्या दिवशी मी वाईट संगतीला लागलो...' वाईट संगत कुठली गं?"

"किराणावाला. पुढे वाचा."

"'समाजाच्या काळजाला झालेली जखम...'" पेंटरने कागद खाली ठेवला. "मला नाही जमणार. अगं, अकरा वर्षांत त्या भिंतीवर दुसऱ्या कुणी एक रेघ मारलेली नाही! म्हणून तर पालिकेने ते पुसलं नाही. काळजाला जखम कसली?"

"मग तुम्हाला वाईट कशाचं वाटतं, ते तरी सांगा."

पेंटरने नखातला रंग खरवडला. मग म्हणाला, "'आहे'चं."

बायको बघतच राहिली. अकरा वर्षं हा माणूस मंडईला जाताना तो रस्ता टाळून लांबचा वळसा घालत होता. "मला वाटायचं, पोलिसाला घाबरता."

"पोलिसाला कशाला घाबरू? तो शब्द दिसतो गं."

त्याने स्वतःच्या हाताने दुसरं पत्र लिहिलं. तरी मुलाखतीच्या दिवशी निघताना बायकोने तीव्र पश्चात्ताप त्याच्या डाव्या खिशात सरकवला. "त त प प झालं, तर हाच द्या. मला इथे तुमच्याशिवाय नाही राहायचं."

खोलीत जमिनीला ठोकलेली खुर्ची, काचेपलीकडे एक मॅडम. "पत्र?" त्यांनी मान वर न करता विचारलं. पेंटरचा हात आधी डाव्या खिशात गेला. तिथे थबकला. मग त्याने उजव्या खिशातला कागद काढून काचेखालून सरकवला.

मॅडमनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. "यात तो काळोखा दिवस नाही? या आठवड्यात नऊ जणांचा येऊन गेला."

"नाही मॅडम. दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन होतं."

"म्हणजे भिंत रंगवल्याचा तुम्हाला पश्चात्ताप नाही?"

पेंटरच्या डोळ्यांपुढे साठ दिवस उभे राहिले. "विचारायला हवं होतं, ते चुकलंच. त्याची शिक्षा भोगून झाली. त्या 'आहे'ची अजून भोगतोय."

"पुन्हा असं कराल?"

"परवानगीशिवाय भिंतीला हात लावणार नाही. आणि कुणी कितीही शिट्ट्या मारू देत, घाई करणार नाही."

मॅडमच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. त्यांच्यापुढच्या कागदावर दोनच चौकोन होते : 'पश्चात्ताप आढळला' आणि 'पश्चात्ताप आढळला नाही'. त्यांनी पहिल्यात खूण केली. कशाचा, असा रकानाच नव्हता.

सहा आठवड्यांनी परवान्याचं कार्ड आलं. "मंडईत जाऊन येतो," म्हणून पेंटर निघाला. त्याच्या पिशवीतून ब्रशचा दांडा डोकावत होता. बायको चपला घालून मागे आली.

अकरा वर्षांनी तो त्या भिंतीपुढे उभा राहिला. वाक्य ताठ उभं होतं. 'आहे' तसंच, कोपऱ्यात अंग चोरून. पेंटरचा हात पिशवीकडे सरकला.

"पेंटर!" बायको कडाडली. "कार्ड कुठंय?"

"खिशात."

"हातही तिथेच ठेवा."

इतक्यात किराणावाला दुकानातून बाहेर आला. "अरे वा, बरे भेटलात! थोडं पुसट झालंय हो. जरा हात फिरवून देता?"

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने आपणहून शटर अर्धं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर नगरपालिकेत भिंतीच्या परवानगीच्या खिडकीपाशी रांगेत उभा होता. हातातल्या अर्जात रकाना होता, 'कामाचे स्वरूप'. जागा बोटभर. पेंटरने अजिबात घाई न करता, सुटसुटीत अक्षरांत लिहिलं : 'एक शब्द.'