जिला कळलं नाही तिच्या हाती रिमोट

मी विद्यापीठात ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते असं सांगितलं की आमच्या कर्जतच्या नातेवाइकांना वाटतं, ही दिवसभर मोबाइल बघत बसते. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. खडू, फळा आणि समोर बसलेली मुलं, याला ते शिकवणं म्हणतात. मावशी तर अजून विचारते, "पण तुझा वर्ग भरतो कुठे गं?"

खरं सांगायचं तर जुन्या भांडारखोलीत भरतो. भिंतींना गाद्या ठोकून तिचा स्टुडिओ केलाय. पंखा बंद, कारण आवाज येतो. खिडकी बंद, कारण माकडं येतात. वर्गात दोनदोन तास बोलणारे प्राध्यापक तिथे घामाघूम होऊन कॅमेऱ्याला "विद्यार्थी मित्रहो" म्हणतात आणि पुढचं विसरतात. मग मी म्हणते, "परत घेऊ." दिवसातून किती वेळा म्हणते ते विचारू नका.

चित्रण झालं की दुसरं काम. कोणी किती बघितलं, ते मला कॉम्प्युटरवर दिसतं. बघितलं तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. पाऊण अभ्यासक्रम हिरवा झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. हा आमच्या संचालक सरांचा नियम, आणि सर नियमाला इतके पक्के की रजेचा अर्ज दिल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसेल.

तर मागच्या वर्षी आमचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम चालू होता. बालवाडीवर, शिशुवर्गावर शिकवायचं असेल त्यांच्यासाठी. त्यात मोहोपाड्याची एक विद्यार्थिनी पाव तासाचा व्हिडिओ बघायला अख्खी दुपार घ्यायची. थांबव, मागे ने, परत थांबव. शिकवणाऱ्या मॅडमना मी हे दाखवलं तर त्या रडवेल्या झाल्या. "माझं बोलणं कळत नाही का हो?" मग आम्ही काही भाग नव्याने चित्रित केले. मॅडम इतक्या सावकाश बोलल्या की कॅमेऱ्यामागे मला डुलकी लागली. तरी ती बाई थांबवतच होती. घोडं कुठे पेंड खातंय, काही कळेना. वर त्याच मोहोपाड्याच्या आणखी काही जणींनी एकही व्हिडिओ उघडलेला नव्हता. सगळे ठिपके लालभडक. "आपण अभ्यासात मागे पडत आहात" असे मेसेज त्यांना आपोआप जात होते.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा त्या लाल ठिपक्यांपैकी एकीचा फोन आला. मोहोपाड्याच्या बाजारातल्या बेकरीवाल्यांची सून. सासर मूळचं श्रीवर्धनकडचं.

"मॅडम, माझं हॉल तिकीट येत नाय."

"तुम्ही एकही व्हिडिओ बघितलेला नाही," मी म्हटलं.

"सगळे बघितलेत!"

मी मनात म्हटलं, आल्या हरिश्चंद्राच्या वंशज. पण ती बोलतच राहिली. तिथल्या एका शाळेनं तिला शिशुवर्गावर घ्यायचं कबूल केलं होतं. शाळा उघडायच्या आत प्रमाणपत्र दाखवलं तर जागा तिची, नाही तर दुसऱ्या कुणाची. आयुष्यातली पहिली नोकरी.

"विश्वास नसंल तर येऊन बघा ना तुमी," ती म्हणाली. "उद्या दुपारी. कारखान्याच्या कॉलनीत."

आव्हान दिलं की मला स्वस्थ बसवत नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि चौक गावावरून मोहोपाडा गाठला.

क्वार्टर एका ऑपरेटरच्या बायकोचं होतं. मूळची साताऱ्याकडची, सगळ्या तिला वहिनी म्हणत होत्या. अख्खी दुपार घेणारी माझी विद्यार्थिनी ती हीच. तिच्या टीव्हीसमोर आणखी पाच जणी चटया टाकून बसल्या होत्या, म्हणजे माझे सगळे लाल ठिपके. टीव्हीवर आमच्या मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या होत्या, आणि इकडे जोरात भांडण चाललं होतं. मूल खेळणं देत नसेल तर ते हिसकून घ्यावं की नाही?

"माझी जाऊ पण नाय देत काय," एक म्हणाली, आणि सगळ्या हसत सुटल्या.

रिमोट घरमालकिणीकडे नव्हता. त्यांची तिथली पद्धत अशी की आदल्या भागात जिला सगळ्यात कमी कळलं, रिमोट तिच्या हाती. तिनं थांबवलं की जिला कळलंय तिनं समजावून सांगायचं. रिमोटवालीनं "हां, आता चला" म्हटल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही.

"आपापल्या लॉगिननं का नाही बघितलं?" मी विचारलं.

"एका खोलीत सहा ठिकाणी लावायचं?" वहिनीला माझाच प्रश्न वेडगळ वाटला. मग तिनं हळूच विचारलं, "ह्या मॅडमना बरं नव्हतं का हो मध्ये? लईच हळू बोलत होत्या."

त्यांचा वर्ग बघून मी हरखून गेले होते. पण नियम नियमच. म्हणून मी सोपी वाट सांगितली. आपापल्या फोनवर दोन दिवस व्हिडिओ नुसते चालू ठेवा, फोन उशाशी ठेवून कामं करा, ठिपके होतील हिरवे. पुष्कळ विद्यार्थी तेच करतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बेकरीवाल्यांची सून ताडकन म्हणाली, "फोन दिवसभर नवऱ्याकडं असतो, ऑर्डरी येतात. पण ते जाऊ दे. मी घरात सांगून येते, शिकायला चालले. सासू माझ्या जागी गल्ल्यावर बसते. आता न बघता बघितलं म्हणू? बघितलंय तर खरं मी!"

तिला राग आला होता, आणि मला तो राग फार आवडला. परतीच्या वाटेवर तो मलाही चढला.

सरांच्या केबिनमध्ये मी तो सगळा ओतला. सर म्हणाले, "सिस्टिममध्ये दिसत नाही." मी म्हटलं, "सर, आपल्या सगळ्या अभ्यासक्रमांत मिळून खरा वर्ग त्या एकाच खोलीत भरतोय, आणि आपण त्यालाच गैरहजेरी लावतोय." सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेवटी म्हणाले, "मी स्वतः व्हिडिओवर तोंडी घेतो. एकेकीची. खोलीत दुसरं कोणी नको, दार बंद. उत्तरं आली तर तिकीट."

हे रास्त होतं. पण सहा महिन्यांत ती बेकरीवाल्यांची सून एकटी कधी शिकलीच नव्हती.

पहिला नंबर तिचाच. बेकरीमागची खोली, पाठीशी मैद्याची पोती, दार बंद. सरांनी कागद बघून विचारलं, "पूर्वप्राथमिक स्तरावरील भावनिक समायोजनाचे टप्पे विशद करा."

मी सरांच्या खुर्चीमागे उभी होते.

"सर, थांबा जरा," ती म्हणाली. "नाय कळलं. परत सांगा."

सरांना ही सवय नाही. त्यांना सगळे "हो सर" म्हणतात. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "बरं. शाळेचा पहिला दिवस. मूल रडतंय, आई दाराबाहेर उभी आहे. काय कराल?"

"आईला आत बोलवीन."

"कायमची बसवून ठेवणार?"

"नाय, ती हळूहळू जाईल. पण पयल्या दिवशी ओळखीचं माणूस जवळ पायजे. मॅडमनी सांगितलंय तसं. आमी लय भांडलो त्याच्यावर. मी म्हणत होते, पाठवा आईला घरी, रडून रडून गप होतंय. तर एकीनं मला विचारलं, तू पयल्या दिवशी इथं एकटी आली असतीस काय गं?" ती थांबली. "नसते आले, सर. वहिनी दुकानापर्यंत घ्यायला आली होती मला."

सर स्क्रीनकडे वाकले.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"बाहेर, दाराशी. तुमीच लावायला सांगितलंय दार."

"उघडा ते," सर म्हणाले.

दार उघडलं तशा सगळ्या जणी एकदम आत शिरल्या, कॅमेऱ्यात मावेनात म्हणून दोघी पोत्यांवर चढून बसल्या. सरांनी मागे न बघता मला खूण केली, ह्यांची तिकिटं काढा. मग हातातला कागद उलटा ठेवून ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "हं, आता भांडा बघू त्याच्यावर परत. मला ऐकायचंय."