करवंद गटाच्या बाई

शाळा उघडली की पहिल्याच दिवशी म्हात्रे बाई पाचवीतल्या प्रत्येकाला विचारायच्या, "घरी कोण शिकलंय रं?" उत्तरावर गट ठरायचा. कडाव गावातल्या दुकानदारांची मुलं आंबा गटात, भातशेतीवाल्यांची पेरू गटात, डोंगराकडच्या वाड्यांवरची करवंद गटात. मी शेजारच्या वर्गावर होते. याद्या करायची सवय मलाही आहे. पण मी खाडाखोडीला जागा ठेवते. "ताई, आधी चाचणी तरी घ्या," मी दर वर्षी सांगायचे. "कशाला गं? तोंडावरून कळतंय!"

बाई दुष्ट असत्या तर भांडणं सोपं गेलं असतं. करवंद गटातल्या मुलींच्या वेण्या त्या स्वतः घालायच्या. फक्त भागाकार शिकवायच्या नाहीत. आंबा गट फळ्याशी झुंजत असताना करवंद गट खिचडीचे तांदूळ निवडायचा. आंब्यांचं चुकलं की, "डोकं घरी ठेवलंस काय रं?" करवंदांचं चुकलं की, "राहू दे बाळा."

वाडीवरच्या मंजूने एकदा सरळ विचारलं, "बाई, माजं चुकतं तवा तुमी मला वरडत का नाय?"

"तू गुणाची हायस म्हणून," बाईंनी गालगुच्चा घेतला.

मग मधल्या सुट्टीत मीच मंजूला शिकवू लागले. शिष्यवृत्ती मिळाली तर कर्जतला मामाकडे ठेवून शिकवीन, नाहीतर वीटभट्टीवर नेईन, असं तिच्या बापाने ठरवलं होतं. बाई तिचं नाव द्यायला तयार नव्हत्या. "नापास झाली तर खचेल गं पोर!" शेवटी मुख्याध्यापकांपुढे भांडून मी नाव घालून घेतलं.

परीक्षेला तिला बाईच घेऊन गेल्या. संध्याकाळी प्रश्नपत्रिका पुढे ठेवून मी तिला काय काय सोडवलं ते विचारलं. मंजूने भागाकाराची सगळी उदाहरणं सोडून दिली होती. माझ्यापुढे तीच तिने चटाचट केली.

"मग तिथे का नाही केलीस गं?"

"बाई दारात बोलल्या, अवगड दिसंल ते सोड, जिवाला तरास करून घिऊ नको."

शिष्यवृत्ती हुकली. पुढच्या दिवाळीनंतर वाडीवर भट्टीचा टेंपो आला. आदल्या दिवशी बाई मुद्दाम वाडीवर जाऊन मंजूला नवा स्वेटर देऊन आल्या.

"उघड्यावर थंडी असते गं," मला म्हणाल्या. "कुणीतरी बघायला नको का त्या पोरीकडं?"