शिडाचं लगेज

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मासळीच्या लिलावात उभी होते. भाचा, संतोष, एवढंच म्हणाला, "आत्या, आप्पा गेले. झोपेतच..." तोंडातली बोली तोंडातच राहिली, माल दुसऱ्याच कुणी नेला. मला आधी रडू आलं नाही, राग आला. थोड्याच दिवसांपूर्वी हा माणूस माझ्या घरी जेवून, माझ्याशी भांडून गेला होता, आणि भांडण अर्धंच राहिलं होतं.

अंकुशदादा करमाळ्याकडच्या आमच्या धरणकाठच्या गावात मासेमारी करायचा, तीही शिडाच्या होडीनं. बाकीच्यांनी केव्हाच इंजिनं बसवली. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं, काठाचा काळा गाळ उघडा पडला, की त्याचा हंगाम संपायचा. मग होडी ओढून वर घ्यायची, बाभळीच्या ओंडक्यांवर पालथी घालायची, फटींत कापूस कोंबून डांबर भरायचं. आमच्याकडचं ऊन लाकूड फोडतं, म्हणून वर कडबा आणि त्यावर ओली पोती. वहिनी रोज संध्याकाळी त्या पोत्यांवर घागरी ओतायची. "सवत आणलीया ह्यांनी," ती म्हणायची, "अन् अंघोळ म्या घालतीया."

शीड मात्र गावात राहत नसे. एका उन्हाळ्यात उंदरांनी कुरतडलं, तेव्हापासून ते सोलापूरला माझ्याकडं यायला लागलं. धुऊन, सावलीत वाळवून, घड्यांत कडुनिंबाचा पाला घालून, ती जाडजूड गुंडाळी खांद्यावर टाकून दादा एसटीत चढायचा. कंडक्टर लगेज लावायचा आणि हा मुकाट भरायचा.

"सतरंजी हाय म्हनून सांगायचं की!" मी चिडायचे.

"शीड हाय, तर सतरंजी कशी म्हनू?"

मी मासळीची एक पाटी घेऊन रस्त्यावर बसले होते, तिथून स्वतःच्या गाळ्यापर्यंत आले ती तोंडाच्या जोरावर. मोठमोठे व्यापारी माझ्यापुढं भाव उतरवतात. दादापुढं मात्र मी दर उन्हाळ्यात हरले. त्याच्यासाठी मी इंजिन आणून दिलं, त्यानं त्यावरचं फडकंसुद्धा काढलं नाही. "वारं फुकट मिळतंय. तू एवढी घासाघीस करनारी, तुला फुकटाचं का नको गं?" त्या शेवटच्या दुपारीही मी म्हटलं, "तुझं खांदं गेल्यात. औंदा इंजिन लाव, न्हायतर होडी इकून टाक." तो माळ्याच्या कडीला शीड टांगत होता. खाली उतरला, हात झटकले, म्हणाला, "पाणी चढल्यावर बोलू..."

दिवसकार्य उरकलं न उरकलं तोच वहिनीचा फोन आला. "वन्सं, शीड कुनाला दिऊ नका. पोरगं म्हनतंय, होडी इकू, शेरात चल, बसून खा. म्या बसून काय करू? इतकी वर्सं ह्यांच्या म्होरं बसून दोरी म्याच धरलीया. मला येतंय की." बाई होडी कशी नेणार म्हणून भावकी हसतेय, हेही तिनं सांगितलं. मी पाटी घेऊन बसले तेव्हाही हीच भावकी हसली होती. त्यांचं हसणं मी चांगलं ओळखते.

दुसऱ्याच दिवशी संतोष मोहोळच्या एका हॉटेलवाल्याला घेऊन दारात हजर. होडी हॉटेलपुढं ठेवायची, आत फुलझाडं लावायची. पण शिडाशिवाय शोभा नाही, म्हणून शीड हवं.

"आत्या, होडी वीक म्हणून तूच मागं लागायचीस की."

लागायचे. इंजिन बरं, हे मी आजही म्हणते. पण ते मी दादाला म्हणत होते. भांडण आम्हा दोघांचं होतं. त्यातला एक गेला म्हणून तिसऱ्यानं येऊन निकाल द्यायचा नसतो.

"मावशी, तुमचा आकडा बोला," हॉटेलवाला म्हणाला.

असं मला कुणी विचारलं आणि मी आकडा बोलले नाही, हे आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"आकडा न्हाय."

"सावकाश विचार करून सांगा."

"सांगितला की."

तो गाडीकडं गेला. संतोष उंबऱ्यात घुटमळला. "आणि आई बुडली तर?"

"तुला पवायला कुनी शिकिवलं?"

तो पायात चपला सरकवायला लागला. शिकवलं होतं वहिनीनंच.

शीड माळ्यावर आहे. कडुनिंबाचा वास खाली चुलीपर्यंत येतो. दादानं मारलेली गाठ मी सोडलेली नाही... पाणी चढल्याचं वहिनीनं कळवलं की सोडेन, शीड खांद्यावर टाकेन आणि करमाळ्याच्या एसटीत चढेन. इंजिनाचा विषय वहिनीपुढं काढणारच, ती भांडली तर भांडू दे. कंडक्टरनं हे काय म्हणून विचारलं, तर शीड आहे म्हणूनच सांगेन. लगेज मात्र मागून बघावं त्यानं!